कानिफनाथचे कान

तो फोन खरं तर माझ्यासाठी नव्हता. तक्रारी घेणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती आणि तिच्या टेबलावरचा फोन वाजायचा थांबत नव्हता, म्हणून मी हातातलं काम ठेवून तो उचलला.

"शेवगाववरून निकिता बोलतीय," पलीकडून बाईचा आवाज आला. "तुमचा 'साक्षी' स्पीकर हाय आमच्याकडं. मला येकच सांगा, त्यानं मानूस बहिरं व्हतं का?"

आवाज फार मोठा ठेवत असतील असं समजून मी आमचं ठरलेलं उत्तर द्यायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं.

"मोठा न्हाई लावत हो. आमचे मालक नगरला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हनतो कान चांगले हायेत. ह्यांना पटत न्हाई. स्टुडिओ विकायला काढलाय ह्यांनी, गिऱ्हाईक बी बघितलंय. अन् हे सगळं तुमचा स्पीकर आल्यापासून सुरू झालंय. मी अडानी आसंन, पन येवढं मला कळतं."

मी उद्या येते म्हणून सांगितलं. तिला ते खरं वाटलं नसावं, कारण तिनं नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

मी मेहरीन तांबोळी. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी स्पीकर डिझाइन करत होते. कंपनी अनिमेषची. इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. भांडवल त्याच्या घरचं होतं, आवाजाचं शास्त्र माझं होतं. 'साक्षी' हा मी केलेला स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे गाणं रेकॉर्ड करणारा माणूस ज्यावर ऐकून काम करतो तो स्पीकर. घरातला स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. ढोल फुगवतो, वर थोडी झिलई चढवतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवत नाही. मॉनिटरला ती मुभा नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच त्यानं सांगायचं, कारण समोर बसलेला माणूस त्याच्या भरवशावर ठरवत असतो की गाणाऱ्या बाईचा आवाज वर घ्यायचा की खाली. स्पीकरनं तो आवाज उगाच पुढे आणला तर हा बिचारा तो मागे ढकलणार. मग ते गाणं जगातल्या प्रत्येक मोबाईलवर दबलेलंच वाजणार.

'साक्षी' टेबलावर मावेल एवढा छोटा होता. छोट्या खोक्याला सगळं जमत नाही. फार खालचे सूर मी सोडून दिले, खोटे फुगवले नाहीत. पण माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात असतो तो मला सरळ हवा होता. खालचा मोठा कोन, म्हणजे जाडे सूर वाजवणारा कागदी पडदा, आणि वरचा छोटा, बारीक सुरांचा ट्वीटर यांनी तिथे आवाज एकमेकांच्या हाती असा द्यायचा की सांधा कळता कामा नये. ट्वीटरभोवतीची उथळ वाटी मी पुन्हा पुन्हा बदलली, खुर्चीत जरा इकडेतिकडे सरकलं तरी आवाज बदलू नये म्हणून. मोजमापाला लागते तशी बंदिस्त, शांत खोली आमच्याकडे नव्हती आणि शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसची धडधड दिवसभर चालू. म्हणून मी मामूंच्या शेतात परांची बांधून त्यावर स्पीकर चढवायचे आणि वारा पडायची वाट बघायचे. वारा पडला की नेमका मोर ओरडायचा. मामू बांधावरून विचारायचे, "एवढं शांत करून ऐकायचंय तरी काय तुला?"

स्पीकर बाजारात आला तेव्हा अनिमेषनं माझा एक व्हिडिओ काढला. त्यात मी 'साक्षी'वर हात ठेवून सांगते, "हा तुमच्याशी खोटं बोलणार नाही. काही चुकलं तर ते गाण्यात शोधा." व्हिडिओ खूप फिरला. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांनी स्पीकर वाखाणला. मग मागणी वाढली, उत्पादन सुप्याच्या एका कारखान्याकडे गेलं, आणि मी पुढच्या मॉडेलच्या कामाला लागले. 'साक्षी' माझ्या डोक्यातून उतरला. मला वाटलं, तो झाला.

दुसऱ्या दिवशी माझ्याजवळची 'साक्षी'ची पहिली जोडी, मोजमापाचा माइक आणि लॅपटॉप गाडीत टाकला आणि करंजी घाटातून तिसगाववरून शेवगाव गाठलं. स्टुडिओ मार्केट यार्डाजवळ, एका पाण्याच्या मोटारींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खोली पाहून मला बरं वाटलं. भिंतींवर आवाज शोषणाऱ्या, काचलोकर भरलेल्या चौकटी होत्या आणि त्या जिथे हव्यात तिथेच होत्या. स्पीकर स्टँडवर, कानाच्या उंचीवर. काम समजणाऱ्या माणसाची खोली होती ती. तालुक्यातले कीर्तनकार, हळदीची गाणी, देवीची गाणी, निवडणुकीतल्या प्रचाराच्या ध्वनिफिती, सगळं इथेच व्हायचं.

निकिताचा नवरा कानिफनाथ चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला.

"हिनं उगंच फोन केला मॅडम," तो म्हणाला. "तुमचा स्पीकर चांगला हाय. माझेच कान गेलेत."

"डॉक्टर तर चांगले म्हणाले ना?"

"डॉक्टर शिट्ट्या ऐकवतो. गानं कुठं ऐकवतो?"

निकिता दारातच उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. नवरात्रासाठी देवीची गाणी केली होती, निकितानं गायलेली. इथे या खोलीत ती छान वाजायची. गावात ट्रॅक्टरवर, देवळाच्या कर्ण्यावर लावली की बाईचा आवाज संबळाच्या आणि झांजांच्या मागे बुडून जायचा. लोक विचारायला लागले, बाई घोंगडं पांघरून गाते का. एका कीर्तनकारानं आपलं रेकॉर्डिंग परत नेलं आणि नगरला दुसरीकडे करून घेतलं.

"पयल्यांदा मला वाटलं, हिचाच आवाज गेला," कानिफनाथ खाली बघत म्हणाला. "मी तिला तसं बोललो बी."

"काय बोलले ते पुरं सांगा की," निकिता दारातून म्हणाली.

मग तीच पुढे म्हणाली, "म्हनले, तुझ्या आवाजाला धार राहिली न्हाई, आता तू घरच्या कामात लक्ष घाल. मी जास्त जोर लावून गायले. घसा बसला. ह्यांनी तरी आवाज कमीच केला. लई टोचतोय म्हनले. मंग पाथर्डीहून दुसरी गानारी आनली. तिचं बी तसंच झालं."

"व्हय," तो म्हणाला. "तवा मला कळलं की खोट माझ्यात हाय."

"स्पीकरवर शंका नाही आली?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"तुमीच सांगितलं व्हतं ना व्हिडिओत. काई चुकलं तर गान्यात शोधा. मी गान्यात शोधलं. मंग हिच्यात शोधलं. मंग माझ्यात."

मी माइक त्याच्या खुर्चीच्या जागी लावला आणि त्याच्या स्पीकरमधून मोजमापाची शिट्टी सोडली, खालच्या सुरापासून अगदी वरच्या सुरापर्यंत चढत जाणारी. लॅपटॉपवर रेघ उमटली. माणसाच्या आवाजाची धार जिथे असते, नेमका तिथे एक उंचवटा होता, म्हणजे तेवढाच पट्टा स्पीकर मोठा करून ऐकवत होता. लहानसहान नव्हे, खांद्यासारखा वर आलेला. खोलीमुळे तसं होत असेल म्हणून मी माइक जवळ नेला, दुसरा स्पीकर मोजला. तोच उंचवटा. मग माझी जोडी त्याच स्टँडवर ठेवली आणि पुन्हा मोजलं. तिथे उंचवटा नव्हता.

"तुमचं देवीचं गाणं लावा," मी म्हटलं.

त्यानं ते आधी आपल्या स्पीकरवर लावलं. निकिताचा आवाज खणखणीत, सगळ्याच्या पुढे. मग माझ्या जोडीवर. आवाज तिथेच मागे गेला, संबळाखाली दबला. ट्रॅक्टरवर वाजायचा तसा.

कानिफनाथनं गाणं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा दोन्हींवर ऐकलं.

"मंजे मला ऐकू येत व्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं. टोचत होतं ते खरंच टोचत होतं. पण ते गाण्यात नव्हतं, स्पीकरमध्ये होतं."

मी त्याच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि त्याचा एक स्पीकर उघडला. वाटी माझीच होती. तिच्यामागचा ट्वीटर माझा नव्हता. दुसराच कुठला तरी, हलका, लहान चुंबकाचा, माझ्या वाटीत पॅकिंग घालून कसाबसा बसवलेला. जुन्या ट्वीटरसाठी मी केलेली सगळी जुळवणी याच्यावर तशीच ठेवलेली. मग उंचवटा येणार नाही तर काय होणार?

माझ्या स्पीकरच्या पोटात कोणीतरी मला न विचारता हात घातला होता आणि वर माझा चेहरा लावून तो विकला होता. या माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बायकोचा आवाज मोडीत काढला होता. मी त्याला सांगितलं की हे कंपनीनं केलंय, मी नाही. सांगताना मला स्वतःलाच ते तोकडं वाटलं.

निकिता आत आली. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"ते खोकं खोटं बोललं, ते कंपनीचं पाप," ती म्हणाली. "पन तुमी मला इतक्या वर्सांपासून ऐकताय. माझं सोडून त्याचं खरं मानलं, त्याचं काय?"

ती खाली निघून गेली. माझी जोडी मी तिथेच त्याच्याकडे ठेवली आणि तो ट्वीटर घेऊन नगरला परतले.

अनिमेष केबिनमध्ये होता. मी ट्वीटर त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो लगेच ओळखला. आश्चर्याचं नाटकही केलं नाही.

"जुन्याचा पुरवठा अडकला होता," तो म्हणाला. "हा लगेच मिळत होता. स्वस्तही पडला, ते कशाला लपवू? आणि दुकानात लावून पाहिला तर लोकांना हाच जास्त आवडला. चमकतो. दुकानात माणूस ऐकतो किती? फार तर एक गाणं. तेवढ्यात त्याला उठून दिसलं पाहिजे."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"परीक्षकांना कुठला पाठवला?"

"पहिल्या लॉटमधला." आज बुधवार आहे, हे सांगावं तशा सुरात तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले, कारण उभी राहिले असते तर माझा आवाज चढला असता. "अनिमेष, हा लग्नाच्या मांडवातला डबा नाही. तो चमकायला केलाच नव्हता. शेवगावचा माणूस स्टुडिओ विकायला निघालाय. त्याला वाटतंय तो बहिरा झाला."

"त्याला नवी जोडी देऊ. मी आजच सांगतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांची तक्रार कुठे आहे? एवढे स्पीकर विकले, तक्रार एकाची."

"कारण बाकीचे स्वतःच्या कानांना दोष देत बसलेत," मी म्हटलं. "गाणाऱ्याला दोष देत बसलेत. तुझ्याकडे तक्रार येईल कशी? तक्रार करू नका म्हणून तर माझ्याच तोंडून सांगितलंयस तू त्यांना."

तो हसला. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळी हसायचा तसंच. "तू तेव्हाही अशीच होतीस. एका डेसिबलसाठी जीव काढायचीस."

"सगळ्या ग्राहकांना कळव. ट्वीटर बदलून दे. तोपर्यंत तो व्हिडिओ काढून टाक."

"व्हिडिओ कंपनीचा आहे, मेहरीन. आणि चांगला चाललाय."

इतकी वर्षं ज्याच्याबरोबर जेवणाचा डबा खाल्ला, त्याच्या टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून मी बाहेर पडले. घरी अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नोकरी सोडलीस की गेली?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ते ठरायला फार वेळ लागला नाही.

कानिफनाथच्या स्टुडिओत बसून मी दुसरा व्हिडिओ केला. कॅमेरा त्यानंच धरला. त्यात मी नाव घेऊन सांगितलं की 'साक्षी' मी डिझाइन केला, पहिल्या व्हिडिओत बोलणारी मीच, आणि आज विकला जाणारा स्पीकर तो नाही. दोन्ही ट्वीटर हातात धरून दाखवले, दोन्हींच्या रेघा दाखवल्या. स्पीकर न उघडता कसं ओळखायचं ते सांगितलं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उंचवटा किती आणि कुठे कापायचा, म्हणजे निदान काम चालेल, तेही दाखवलं. कंपनीबद्दल मला माहीत होतं तेवढंच बोलले, एक शब्द जास्त नाही. शेवटी म्हटलं, "तुमचे कान ठीक आहेत. गाणाऱ्याचा गळाही बहुतेक ठीक आहे."

मग निरोप यायला लागले. कोल्हापूरकडचा एक मास्तर मुलांची समूहगीतं रेकॉर्ड करायचा. त्यानं दोन मुलींना गटातून काढलं होतं, आवाज कर्कश म्हणून. परभणीची एक मुलगी हे काम शिकत होती. तिनं शिकणंच सोडलं होतं, आपल्याला ऐकण्याची समजच नाही असं वाटून. एकानं लिहिलं होतं, मॅडम, मी तर औषधं घेतोय. कामाला दाद मिळाली म्हणून मला समाधान वाटेल असं अम्मीला वाटत होतं. मला प्रत्येक निरोपागणिक संतापच येत होता. एवढी माणसं आपापल्या खोलीत एकेकटी बसून स्वतःला कमी समजत होती आणि दुकानात तो डबा चमकत होता.

कंपनीनं मला काढल्याचं पत्र आलं. पाठोपाठ वकिलाची नोटीस आली, बदनामी केल्याची. आणि त्याच आठवड्यात कंपनीची जाहिरात आली: ग्राहकांच्या प्रेमाखातर 'साक्षी'साठी मोफत अपग्रेड, नवा ट्वीटर, आता आणखी नैसर्गिक आवाज. मी चित्र मोठं करून पाहिलं. तो नवा ट्वीटर म्हणजे माझाच जुना ट्वीटर होता. चोरलेली वस्तू परत आणून दिली आणि वर भेट म्हणून सांगितलं. मी फोन पालथा ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. स्पीकर दुरुस्त होणार होते, हे खरं. लोकांचं काम सुधारणार होतं. तरी जे झालं त्याला नाव मिळणार नव्हतं.

कंपनीचा तंत्रज्ञ शेवगावला गेला त्या दिवशी मीही तिथे होते. ओंकार नावाचा साधा मुलगा. त्याचा यात काही दोष नव्हता. त्यानं नीट काम केलं, मी मोजून पाहिलं, रेघ सरळ आली. मग त्यानं मोबाईल काढला.

"भाऊ, वहिनी, स्पीकरजवळ उभं राहता का? अपग्रेड झाल्याचा फोटो कंपनीच्या पेजवर टाकायचा असतो."

"अपग्रेड न्हाई झालं," कानिफनाथ म्हणाला. "दुरुस्त झालं."

"हो, तेच."

"तेच न्हाई."

निकितानं टेबलावर काढून ठेवलेला खोटा ट्वीटर उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली. "काढा फोटू," ती म्हणाली. "ह्यो पन दिसू द्या."

ओंकारनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात ठेवला. जाताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, आम्हालाही अपग्रेडच म्हणायला सांगितलंय." मी त्याला म्हटलं, तुझ्यावर राग नाही.

तो गेल्यावर कानिफनाथनं देवीच्या गाण्याची फाइल उघडली. सगळं पुन्हा करायचं होतं. त्यानं गाण्याचा माइक स्टँडवर चढवला, तार जोडली आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "येतीस का?"

"गाईन," निकिता म्हणाली. "पन माझा आवाज किती ठिवायचा ते मी ठरवनार. तुमी न्हाई, अन् ह्यो डबा बी न्हाई."

"तुला ती बटनं कळनार न्हाईत."

"कळंल. दाखवा."

तो मग उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली, आणि तो तिच्या शेजारी वाकून कुठलं बटन वर नेलं की काय होतं ते सांगायला लागला. मी खाली उतरले. मोटारींच्या दुकानदारानं बाकड्यावर जागा करून दिली, आणि पिशवीतली नोटीस काढून मी तिचं उत्तर लिहायला घेतलं.